वापरात नसलेली सिस्टीम आणि क्वचित लागणारी सिस्टीम, फरक ओळखायचा कसा

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं आयटी बघतो. जुने सर्व्हर काढायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, शेवटचं लॉगिन कधीचं? सहा महिने कुणी आलं नसेल तर टाका काढून. मी पण असंच केलं होतं आणि चांगलंच अंगाशी आलं.

आमच्याकडं बोनसचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. मे महिन्यात यादी काढली तेव्हा लॉगिन शून्य, म्हणून मी ते मशीन सरळ फॉरमॅट केलं, आणि ऑक्टोबरात अकाउंटवाले काका विचारायला आले, अहो ते बोनसचं कुठंय? दिवाळी तोंडावर, कामगार वाट बघतायत, आणि आम्ही चार रात्री बसून सगळा हिशोब एक्सेलवर हातानं केला. नंतर एका जुन्या हार्ड डिस्कवर त्याची कॉपी सापडली म्हणून बरं.

आता याच्या उलटं बघा. व्हॅटच्या काळातलं बिलिंग. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हापासून त्यातून एक बिल निघालं नाही, पण लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं त्याची नोंद, उघडला तर रोज हालचाल. रात्रीचा बॅकअप, अँटिव्हायरसचं स्कॅन, डेटाबेसचा (एसक्यूएल) ठरल्या वेळी आपोआप चालणारा जॉब, सगळे रोज हजर, माणूस मात्र एकही नाही. म्हणजे नुसत्या लॉगवर गेलात तर मेलेली सिस्टीम जिवंत दिसते आणि जिवंत असलेली मेलेली. वर हे बिलिंग विंडोज सर्व्हर 2008 वर, ज्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला, सुरक्षेचे पॅच येत नाहीत आणि पगाराचं मशीन त्याच नेटवर्कवर. मला झोप लागत नव्हती खरंच.

त्यामुळं लॉग बघताना माणसांची खाती आणि सर्व्हिस अकाउंट, म्हणजे प्रोग्राम आपोआप वापरतात ती खाती, वेगळी काढा, आणि तीन नाही, तेरा महिन्यांचा बघा, म्हणजे मार्चएंड, बोनस, वार्षिक रिटर्न सगळं त्यात येतं. विचारायचं ते मॅनेजरला नाही, जो क्लार्क प्रिंट काढतो त्याला. मग फक्त नेटवर्कची केबल काढून ठेवा आणि कोण ओरडतंय ते बघा, निदान एक महिनाअखेर तरी जाऊ द्या. गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, हे करू नका, निम्मा स्टाफ रजेवर असतो, ओरडायला कुणी नसतं.

खरंच मेलेली निघाली तरी सॉफ्टवेअर जातं, डेटा राहतो. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, कंपनीची खाती 8 वर्षं. पगाराचे रेकॉर्ड तर मी त्याहून जास्त ठेवतो, कारण पेन्शन 58 व्या वर्षी आणि माणूस वीस वर्षांपूर्वीचा महिना विचारत येतो. डेटा पीडीएफ किंवा सीएसव्हीत काढा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणून सोडू नका. त्यानंतर युजर, फायरवॉलचा पोर्ट, बॅकअपचा जॉब, लायसन्स आणि एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) बंद करा. एएमसी विसरली तर बिल दरवर्षी येतच राहतं.

बोनसचं सॉफ्टवेअर आता व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर आहे, एरवी बंद. सर्व्हरच्या रॅकवर कागद चिकटवलाय, 1 ऑक्टोबरला चालू करणे, बोनस वाटून झाला की काकांना विचारून बंद करणे.