जॅकेट गळत नाही, घाम येतो
गुलमर्ग, औली, सोलंगला स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगसाठी जाणाऱ्या, आमच्याकडून जॅकेट भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी

दर जानेवारीत गुलमर्गहून आम्हाला फोन येतो. माणूस दरवर्षी वेगळा, वाक्य तेच: "भाऊ, तुमचं जॅकेट तर गळून राहिलं ना! आतला टी-शर्ट पुरा ओला झाला." बर्फ पडतोय का, असं आम्ही विचारतो. "नाही, मस्त ऊन आहे." मग पाणी आलं कुठून?

ते जॅकेट परत आलं की आम्ही त्याची बाही नळाखाली धरतो. पाण्याचे मोती होऊन घरंगळतात आणि आत घातलेला हात कोरडाच राहतो. जॅकेट शाबूत असतं. ओलं झालेलं असतं ते आतून, घामानं. आणि हा घाम बहुतेक वेळा आमच्या काउंटरवर उच्चारलेल्या एका वाक्यातून येतो: "तुमच्याकडचं सगळ्यात जाड द्या."

हे वाक्य नागपूरकराच्या तोंडी येणं साहजिक आहे. आपली थंडी म्हणजे डिसेंबरच्या सकाळी वर्धा रोडवर गाडीवर बसून लागणारा वारा. अंग हलत नाही, वारा थांबत नाही, म्हणून जाड जॅकेट कामाला येतं. स्की शिकणाऱ्याचं गणित उलटं असतं. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना लिफ्ट मिळत नाही. जड बूट घालून, आडवं पाऊल टाकत उतार चढायचा, वीस-पंचवीस मीटर घसरायचं, पडायचं, उठायचं आणि पुन्हा चढायचं. बादल्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर पाणी भरण्याइतकी ही मेहनत आहे, तीही जाड जॅकेटमध्ये. अर्ध्या तासात बनियन पिळून निघतो. मग प्रशिक्षक सगळ्यांना थांबवून पंधरा मिनिटं समजावून सांगतात आणि तेवढ्यात हुडहुडी भरते.

कारण आपल्या घरातल्या कुलरचंच आहे. ताटीवरचं पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, तसा घाम उडताना अंगातली घेऊन जातो. आणि जुलैच्या दमट हवेत कुलर का चालत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे: हवेतच ओल भरलेली असते. जाड, बंद जॅकेटच्या आत जुलै होतो. घाम बाहेर पडत नाही, कपड्यात मुरतो, आणि तुम्ही थांबलात की तोच गार होतो. पावसाळ्यात रबरी रेनकोट घालून सायकल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्ही तीन थर देतो. अंगाला लागून पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल. सुती बनियन अजिबात नको, तो पाणी धरून बसतो. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, केसाळ कापडाचं हलकं जॅकेट. सगळ्यात वर पातळ, पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट, ज्याला शेल म्हणतात. चढताना फ्लीस काढून पिशवीत टाकायचं, थांबलात की घालायचं. काखेत चेन असेल तर चढायला लागण्याआधीच उघडायची, घाम फुटल्यावर नाही. हे सगळं एका जाड जॅकेटपेक्षा कमी जागेत मावतं. विमानात १५ किलोची मर्यादा असते, तिथे हा फायदा लगेच कळतो.

आता कुठे जाताय, त्यावर. गुलमर्गला २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलान असतो, सगळ्यात कडक थंडीचा काळ. बर्फ कोरडा, पिठासारखा. झटकला की निघून जातो. तिथे पाण्यापेक्षा वारा जास्त त्रास देतो. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा जवळजवळ ३,९८० मीटरवर नेऊन सोडतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले, तर वर पाऊल टाकताच आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. शिवाय उणे १० अंशात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला उणे २० सारखं लागतं. वर जाणाऱ्यांना आम्ही शेलखाली फ्लीसऐवजी पातळ भरावाचं जॅकेट देतो आणि जॅकेटला हेल्मेटवरून बसणारी टोपी आहे ना, हे तपासूनच देतो. औलीला थर आणि काखेची चेन एवढ्यात भागतं.

सोलंग आणि मार्च महिना, हा वेगळा विषय. तेव्हा बर्फ दुपारी लापशीसारखा होतो. थंडी बेताची, पण प्रत्येक पडण्याबरोबर कपड्यात पाणी दाबलं जातं. इथे ऊब कमी असली तरी चालेल, पाणी अडलंच पाहिजे. पिसांचं, म्हणजे डाऊन जॅकेट इथे नकोच: भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. स्कीइंगसाठी आम्ही डाऊन भाड्याने देतच नाही. काहींना तो आमचा हेकेखोरपणा वाटतो. वाटो.

मात्र ज्यांना फक्त बर्फ बघायचा आहे, फोटो काढायचे आहेत, स्नो स्कूटरवर एक फेरी मारायची आहे, त्यांनी खुशाल जाड जॅकेट न्यावं. आजी-आजोबांना तर आम्ही स्वतःच जाड देतो. ते हलणार नाहीत, त्यांची थंडी गाडीवरचीच थंडी आहे.

टॅगवर १०,०००/१०,००० असे दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये: कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते तेवढा दाब सोसतं. दुसरा, चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, त्याचा. शिकणाऱ्याला दोन्ही १०,००० पुरतात. मार्चमध्ये किंवा बर्फ पडत असताना दिवसभर बाहेर राहणार असाल तर पहिला १५,००० च्या वर बघा. पण आकड्याआधी जॅकेट उलटं करून शिवणी बघा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. ऑनलाइन घेतलेली पुष्कळ जॅकेटं आकड्यात पास होतात आणि शिवणीत नापास. तुमचं स्वतःचं असेल तर घेऊन या, आम्ही फुकट बघून देतो. चांगलं असेल तर चांगलं म्हणून सांगतो, भाड्याचं गळ्यात मारत नाही.

स्नोबोर्डवाल्यांसाठी एक: तुम्ही बर्फात उभे कमी आणि बसलेले जास्त असणार, बोर्डचे पट्टे बुटांवर बांधायला तर बसावंच लागतं. जॅकेट मागून बूड झाकेल इतकं लांब घ्या आणि पॅंटवर पैसे वाचवू नका. बसल्याचा दाब पावसापेक्षा कितीतरी जास्त असतो.

घालून बघायला येताना आतले थर घेऊन या. नागपुरात टी-शर्टवर अगदी फिट बसलेलं जॅकेट तिथे फ्लीसवर लागत नाही, आणि मग गाडीच्या आदल्या रात्री बदलून द्या म्हणून दुकानाचं शटर वाजतं. दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा. कंबर उघडी पडली तर एक साइज मोठा. घरचा एक माणूस पाच जणांची मापं फोनवर सांगतो, ते आम्ही घेत नाही. नाताळ ते प्रजासत्ताक दिन गर्दी असते, म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी या. थर्मल भाड्याने मिळत नाही, विकतच घ्यावं लागतं. कारण तुम्हीच ओळखा.

भाड्याचं जॅकेट घरी धुऊ नका, मळकं तसंच आणा. पावडर आणि सुगंधी कंडिशनर यांनी वरचा पाणी झटकणारा लेप मरतो आणि पुढच्या ग्राहकाचं जॅकेट मग खरोखरच ओलं होतं. आम्ही सौम्य द्रव साबणाने धुतो, दोनदा खंगाळतो, मंद आचेच्या ड्रायरमध्ये फिरवतो, कारण उष्णतेने तो लेप परत जागा होतो. धुण्याचे पैसे भाड्यातच धरलेले आहेत. स्वतःचं जॅकेटही आमच्याकडे धुवायला देता येतं.

डिपॉझिटमधून आम्ही सगळ्यात जास्त पैसे कापतो ते फाटण्यासाठी नाही, भोकांसाठी. हॉटेलात बुखारीला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीला, पाठ टेकून उभं राहिलं की नायलॉन वितळतं. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, तर जॅकेटच्या आत घेऊच नका. काश्मिरी माणूस ती लोकरीच्या फेरनमध्ये, म्हणजे लांब सैल झग्यात, घेतो, आणि त्याला जन्मापासूनची सवय असते. हातमोज्यांची जोडी मोजून द्या. डावा हातमोजा नेहमी हरवतो, का ते आम्हालाही कळलेलं नाही.