आर्टेमिया सगळा एकच नव्हे

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव, मत्स्यालयातल्या माशांचं खाद्य. वाशी-ऐरोलीतले मत्स्यालय हौशी बिनधास्त सांगतात, ‘पुडीतला आर्टेमिया आणि मिठागरातला एकच, उरलेला खाडीत टाका.’ चूक! पुडीतली तपकिरी भुकटी म्हणजे अंडी, बहुधा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची. जात फ्रान्सिस्काना. त्यात नर-मादी दोन्ही. नर मादीला शिंगांसारख्या अवयवांनी धरून जोडीनंच पोहतो, नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. भारतातल्या मूळ आर्टेमियात मात्र नर जवळजवळ नसतातच, माद्या एकट्याच पिल्लं देतात. त्यांचेही वेगवेगळे जनुकीय वंश आहेत, काहींत गुणसूत्रांचे संच दोनाहून जास्त. फ्रान्सिस्काना भारतातल्या काही मिठागरांत शिरलाय. भूमध्य सागराकाठी त्याने स्थानिकांना हुसकावलंय. वाळली तरी अंडी वर्षानुवर्षं टिकतात, पक्ष्यांच्या पोटातून प्रवासही करतात. उरलेली पुडी घट्ट बंद करून फ्रिजमध्येच ठेवा.