ऑस्ट्रेलियात फोर्कलिफ्ट चालवायची आहे? एलएफ परवान्याचा अर्ज असा करा

चाकणला किंवा भिवंडीच्या गोदामात कितीही वर्षं फोर्कलिफ्ट चालवलेली असली, तरी मेलबर्न-सिडनीत तेवढ्यावर गाडीवर बसता येत नाही. भारतातला परवाना किंवा कंपनीचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. लागतो तो ‘हाय रिस्क वर्क लायसन्स’, त्यातला एलएफ वर्ग. गाडी गोदामाच्या बाहेर काढायची नसली तरीही तो लागतोच. ज्या गाडीत चालकाची जागाच मालाबरोबर वर जाते, तिला एलओ हा वेगळा वर्ग आहे. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकला मात्र हा परवाना लागत नाही.

वय १८ पूर्ण हवं. परीक्षा इंग्रजीत होते, त्यामुळे सूचना वाचून समजण्याइतकं इंग्रजी यायला हवं. नोंदणीकृत प्रशिक्षण संस्थेत नाव घालण्याआधी ‘यूएसआय’ हा विद्यार्थी क्रमांक ऑनलाइन काढा, तो फुकट मिळतो. प्रात्यक्षिक समोरासमोरच द्यावं लागतं. घरबसल्या परवाना देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

परीक्षेत ज्ञान, हिशोब आणि प्रत्यक्ष चालवणं असे तीन भाग असतात. मुरलेले चालकसुद्धा अडकतात ते हिशोबात. गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीवर समजा २५०० किलो, ६०० मिलिमीटर असं लिहिलंय. म्हणजे मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून ६०० मिलिमीटरच्या आत असेल तरच ते वजन. इथलं नेहमीचं पॅलेट ११६५ मिलिमीटरचं, निम्मं केलं की ५८३च्या आसपास, म्हणून बसतं. तोच माल १६०० मिलिमीटर लांबीच्या पेटीत आला तर मध्य ८००वर जातो आणि २५०० किलो उचलणं धोक्याचं ठरतं. चढावर भरलेली गाडी असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा. गाडी उलटायला लागली तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला हवा, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. उडी मारणारा वरच्या लोखंडी छताखाली सापडतो. हे नुसतं पाठ करू नका, अंगवळणी पाडा.

पास झाल्यावर ६० दिवसांच्या आत आपल्या राज्याच्या नियामकाकडे अर्ज करायचा: न्यू साउथ वेल्समध्ये सेफवर्क, व्हिक्टोरियात वर्कसेफ. सोबत मूल्यांकनाचा दाखला, फोटो, शुल्क आणि ओळखीचे १०० गुण भरतील इतकी कागदपत्रं (प्रत्येक कागदाला ठरावीक गुण असतात), म्हणजे पासपोर्ट, वाहन परवाना, बँक कार्ड वगैरे. शुल्क राज्याप्रमाणे बदलतं.

आपल्या मंडळींनी नावाकडे खास लक्ष द्यावं. अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आणि बँक कार्डावर नुसतं पहिलं. प्रशिक्षणाला नाव घालतानाच पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, नाहीतर पुढे अर्ज अडतो.

परवाना पाच वर्षांचा आणि सगळ्या राज्यांत चालतो. मुदत संपल्यावर १२ महिन्यांपर्यंत नूतनीकरण होतं, पण त्या काळात गाडी चालवता येत नाही. वर्ष उलटलं की पुन्हा प्रशिक्षण आणि परीक्षा. आणि कार्ड हातात आलं तरी नव्या नोकरीत त्या विशिष्ट गाडीची आणि तिथल्या रस्त्या-रॅकची माहिती मालकाकडून मागून घ्या. ती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.