गोळीबार मैदानातली गोळी बाहेर आली तर: भरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

अहिल्यानगरजवळची के. के. रेंज असो की नाशिकजवळचं देवळालीचं मैदान, आसपासच्या गावांना तोफांचा आवाज नवा नाही. खरी भीती असते ती चुकून बाहेर येणाऱ्या गोळीची. साधी पॉइंट टू-टू रायफलची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मधे दगड लागला तर ती दिशाही बदलते. मैदानाला लागून हमरस्ता असेल, तर त्यावरून जाणाऱ्याला आत सराव सुरू आहे याचा पत्ताही नसतो.

अशा वेळी लोक सहसा दोन चुका करतात. भिंतीत रुतलेली गोळी स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढतात आणि ‘लष्कराचं प्रकरण आहे, आपलं कोण ऐकणार’ म्हणून गप्प बसतात. दोन्ही करू नका. गोळीवरच्या बारीक रेघांवरून ती कुठल्या बंदुकीतून सुटली हे तपासता येतं. उकरताना नेमक्या त्याच रेघा खराब होतात. भोकाशेजारी काडेपेटी धरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. घटना रस्त्यावर घडली असेल तर आधी गाडी तिथून पुढे सुरक्षित जागी न्या, ११२ वर फोन करा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा व वेळ लिहून ठेवा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ हा मदत क्रमांकही आहे.

मग पोलीस ठाणं. हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर नोंदवता येतो. नोंद घ्यायला नकार मिळाला तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा. पंचनामा झाल्याशिवाय पत्रा, काच, कौल काहीही बदलू नका. पुढची सगळी भिस्त त्या पंचनाम्यावर असते.

आता भरपाई. मैदान कुणाचं, हे आधी पाहावं लागतं. लष्कराच्या सरावासाठी १९३८ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या कलम ९ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून ठरावीक वर्षांसाठी एखादं क्षेत्र गोळीबाराच्या सरावासाठी ठरवून देतं. अशा सरावामुळे माणसाला किंवा मालमत्तेला इजा झाली, तर संरक्षण खात्याच्या पैशातून भरपाई द्यावी लागते. धोक्याच्या पट्ट्यातून लोकांना आणि जनावरांना बाहेर काढल्यामुळे बुडालेली मजुरी आणि पिकाचं नुकसानही यात धरलं जातं. ‘जमीनमालकालाच’ अशी अट कायद्यात नाही. म्हणून बटईदार, शेतमजूर, मेंढपाळ आणि माझ्या मते रस्त्याने जाणारा गाडीवालाही मागणी करू शकतो.

जिल्हाधिकाऱ्यांनी सरावासाठी नेमलेला महसूल अधिकारी या मागण्या ऐकतो, जागेवर चौकशी करतो आणि रक्कम ठरवतो. तो कोण आहे, हे तहसील कार्यालयात विचारा. अर्ज साध्या कागदावर चालतो आणि कुठलीही फी नाही. कुणी मागितली तर देऊ नका.

जोडायच्या कागदांची यादी कायद्यात नाही, पण आधार, पंचनाम्याची प्रत, फोटो आणि बिलं हवीतच. पिकासाठी सातबारा आणि त्यावरची पीक पाहणी लागेल, घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, जनावरासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि गाडीसाठी आरसी. माणूस जखमी असेल तर दवाखान्यातली एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून केलेली नोंद, सर्वांत महत्त्वाची. ‘पडून लागलं’ असं सांगून उपचार घेतले की पुढे सगळंच अडतं. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचा पुरावा लागेल. प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या.

निकाल मान्य नसेल तर तो कळल्यापासून १५ दिवसांच्या आत त्याच अधिकाऱ्याला ‘मला अपील करायचं आहे’ असं लेखी कळवावं लागतं. हे १५ दिवस हातचे जाऊ देऊ नका. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसतो. त्यात लष्कराचा एक प्रतिनिधी असतो आणि दोघे जिल्हा मंडळाने (आताची जिल्हा परिषद) सुचवलेले. त्याचा निर्णय अंतिम, त्यावर दिवाणी दावा चालत नाही. म्हणून सगळे पुरावे याच टप्प्यावर मांडा.

मैदान पोलिसांचं किंवा खासगी रायफल क्लबचं असेल तर हा १९३८ चा कायदा लागू होत नाही. तिथे फौजदारी तक्रार, शस्त्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज आणि नुकसानीसाठी दिवाणी दावा हा मार्ग आहे. निष्काळजीपणे बंदूक चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आपल्या भागातली अधिसूचना कधीपर्यंत आहे, हे १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. तारीख माहीत असणं फार मोलाचं असतं. झारखंडच्या नेतरहाटला गावकऱ्यांनी अनेक वर्षं विरोध केला आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तिथल्या मैदानाची मुदत वाढवली नाही.

आणि रानात पितळी, लोखंडी काही सापडलं तर भंगाराच्या आशेने उचलू नका, पोरांना तर जवळही जाऊ देऊ नका. लांब थांबा, जागेची खूण लक्षात ठेवा आणि ११२ वर कळवा. न फुटलेला गोळा कितीही गंजलेला असला तरी हातात फुटू शकतो.