साल कोणते, हद्द कुणाची: सीमाभागातील हिंदी थरारपट परीक्षणाची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सिनेमाच्या धंद्याने मात्र हा बदल आपल्या नकाशावर घेतला नाही. हिंदी चित्रपट विकण्यासाठी वितरकांनी देशाचे जे तुकडे पाडले होते, ज्यांना सर्किट किंवा टेरिटरी म्हणतात, त्यांत बेळगाव, धारवाड, कारवार हा पट्टा मुंबई सर्किटमध्येच राहिला. बिदर-भालकीकडचा भाग मराठवाड्याबरोबर निजाम सर्किटमध्ये मोजला गेला आणि बंगळूरचे सर्किट वेगळे राहिले. मुंबई टेरिटरीच्या गल्ल्याचा आकडा छापून येतो तेव्हा बेळगावच्या तिकीटखिडकीवरचे पैसेही त्यात धरलेले असतात.

इथल्या मराठी चित्रपट परीक्षणाचा धागा या जुन्या नकाशापासून सुरू होतो. चित्रपटाच्या रिळांची पेटी मुंबईच्या बाजूने आली, जाहिरात छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, तिकडूनच आला आणि परीक्षण वाचणारा वाचक मराठीच होता. १९१९ साली बाबुराव ठाकुरांनी सुरू केलेला ‘तरुण भारत’ बेळगावातून निघत होता, कोल्हापूरचे ‘पुढारी’ येत होते, नाशिकचे ‘रसरंग’ही येत होते. हिंदी गुन्हेपट पाहायला मात्र कानडी आणि मराठी दोन्ही घरांतली माणसे एकाच स्टॉलमध्ये बसत. हिंदी दोघांचीही नाही आणि दोघांनाही कळते. या भागात ही गोष्ट मोलाची आहे, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने ती विसरू नये.

वाचक आधीपासून तयार होता. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी मराठी वाचकाला संशयितांची यादी मनात धरून वाचायची सवय लावली. पुढे कोल्हापूरच्या बाबा कदमांच्या कादंबऱ्या वाचनालयातून घरोघर फिरल्या. ‘रहस्य फोडू नये’ हा संकेत परीक्षणात आला तो याच वाचनातून. इथला वाचक परीक्षकाला बाकी बरेच माफ करतो, खुनी कोण ते सांगितले तर करत नाही.

गुन्हा म्हणजे काय, हेही सुरुवातीला मुंबईच्याच कायद्याने ठरत होते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. बेळगाव तेव्हा त्याच राज्यात होते. ‘किस्मत’ (१९४३) मध्ये अशोककुमारने खिसेकापूला नायक केले होते. ‘बाजी’ (१९५१) मध्ये देव आनंद जुगाराच्या क्लबात गेला तेव्हा बंदी, चोरटा धंदा आणि त्यातून उभा राहणारा पैसा हे बेळगावच्या प्रेक्षकासाठी दूरच्या शहराचे प्रकरण नव्हते. तोच कायदा त्याच्या गल्लीतही लागू होता. १९५६ नंतर मात्र हद्द बदलली आणि हळूहळू कायदेही बदलले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याची जागा इथे १९६३ च्या म्हैसूर पोलीस कायद्याने घेतली. तेव्हापासून पडद्यावरचा पोलीस आणि ठाण्यातला पोलीस एका पुस्तकाने चालत नाहीत. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरला की गोवा. तीन राज्यांचे तीन अबकारी नियम ज्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्या वाचकाला ‘हे नेमके कोणत्या राज्यात आणि कधी घडते?’ असे विचारायला शिकवावे लागत नाही. सीमाभागातल्या परीक्षणाची खरी ताकद या प्रश्नात आहे.

पण हा प्रश्न विचारण्याआधी आपण पूर्ण चित्रपट पाहिला का, हेच तपासावे लागे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. हजार फुटांचे एक रीळ जेमतेम ११ मिनिटांचे. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, म्हणजे ४,११५ मीटर फिल्म लागे. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि मीटरमधली लांबी छापलेली असे. जाणता परीक्षक दिवे मालवताच घड्याळ पाही, मीटरचा आकडा टिपून घेई, त्याला २७.४ ने भागे आणि मध्यंतर वगळून आलेल्या वेळेशी ताडून पाही. दहा-अकरा मिनिटे कमी भरली तर एक रीळ लावलेलेच नाही, हे स्पष्ट. शेवटचा खेळ लवकर आटोपण्यासाठी गाण्याचे रीळ गाळले तर एकवेळ चाले. थरारपटात मात्र साक्षीदार पहिल्यांदा दिसतो तेच रीळ गेलेले असू शकते.

याहून फसवी चूक रिळांच्या सांध्यावर होई. रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका येई, तो दुसरे यंत्र सुरू करण्यासाठी. सुमारे सेकंदभर आधी दुसरा येई, तो यंत्र बदलण्यासाठी. रिळाची दोन्ही टोके हाताळणीत सर्वांत जास्त झिजत. तुटली की ऑपरेटर चार-सहा चौकटी कापून जोडी, पुढच्या गावचा ऑपरेटर आणखी कापी. मुंबई, पुणे, कोल्हापूर करून निपाणी किंवा खानापूरला पोचलेल्या प्रिंटमध्ये रिळाच्या टोकावरचे अर्धे वाक्य गायब असे. ‘संकलन तुटक आहे’ असे लिहिण्याआधी तुटक जागा रिळाच्या सांध्यावर आहे का, ते पाहणे आवश्यक होते. दर दहा-अकरा मिनिटांनीच उडी पडत असेल तर दोष प्रिंटचा. रिळाच्या मध्ये पडत असेल तर संकलकाचा किंवा सेन्सॉरचा. सेन्सॉरची खूणही प्रमाणपत्रावरच असे: खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असला तर चित्रपटाला काट लागली आहे.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात मुळात ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) हेच मुख्य वर्ग होते. १९८३ मध्ये ‘यूए’ (मुलांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाने) आणि ‘एस’ (ठरावीक व्यवसायातल्या प्रेक्षकांसाठी) आले, त्याच वर्षी मंडळाचे नाव सेन्सॉर बोर्डाऐवजी प्रमाणन मंडळ झाले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले. परीक्षणात वर्ग लिहायचा तो या अर्थाने, शोभेसाठी नव्हे. तालुक्याच्या गावात बाप मुलांना घेऊन रविवारी तीनच्या खेळाला जातो, त्याला ही ओळ आधी हवी असते.

आता मुख्य भागाकडे. हिंदी गुन्हेपटाचा खलनायक काळानुसार धंदा बदलत गेला, आणि तो बदल लेखकांच्या डोक्यातून कमी, कायद्यातून जास्त आला. दारूबंदीने हातभट्टी दिली. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने आणि जबर आयात निर्बंधांनी सोन्याचा तस्कर दिला. ‘दीवार’ (१९७५) मधल्या गोदीला त्याशिवाय अर्थ नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगावातली तरुण पोरे टोळ्यांच्या हाती लागली. चंदगड-आजऱ्याकडची कितीतरी घरे त्या गिरण्यांवर जगत होती, म्हणून या भागात ते चित्रपट घरच्या बातमीसारखे पाहिले गेले. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, आयात सैल झाली, सोन्यातला नफा आटला. टोळ्या खंडणी, बांधकाम आणि चित्रपटांच्या पैशाकडे वळल्या. ‘सत्या’ (१९९८) त्या वळणावरचा आहे. त्याचा कल्लू मामा आणि भिकू म्हात्रे बिल्डरकडून वसुली करतात. सोन्याचे बिस्कीट तिथे दिसत नाही आणि दिसायला नकोच.

म्हणून कथेचे साल धरल्याशिवाय थरारपटाचा न्याय करता येत नाही. कबुलीजबाबाचेच पाहा. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसांपुढची कबुली पुराव्यात धरत नसत; नव्या कायद्यातही तोच नियम आहे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा असताना (मे १९९५ पर्यंत) पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चाले. महाराष्ट्रात १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा आला तेव्हा कलम १८ ने तीच सोय पुन्हा दिली. मोक्का लावायला उपमहानिरीक्षक दर्जाची पूर्वपरवानगी लागते आणि आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. तेव्हा १९९७ सालच्या कथेत फौजदाराने खोलीत घेतलेल्या कबुलीवर शिक्षा होत असेल तर पटकथा मोडली. तीच कबुली २००१ मध्ये मोक्काखाली उपायुक्तापुढे दिली असेल तर टिकते. ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४ मध्येच तयार होता. १९९३ च्या स्फोटांचा टाडा खटला सुरू असल्याने न्यायालयाने तो अडवला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो पडद्यावर आला. त्याच्या परीक्षणात तीन वर्षांचा हा उशीर न सांगणे म्हणजे चित्रपटाचे निम्मे महत्त्व गाळणे.

चकमकीचेही तसेच. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमक मृत्यूंसाठी १६ मुद्द्यांची कार्यपद्धती घालून दिली: गुन्हा नोंदवणे, सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने तपास करणे, दंडाधिकारी चौकशी. त्यानंतरच्या कथेत गोळी झाडून नायक थेट पुढच्या कामाला लागला, तर तिथे नाट्यच हरवले आहे. चौकशीचा ताण हाच त्या काळाचा खरा थरार आहे.

पदांबाबत सीमाभागातल्या लेखकांकडून हमखास चूक होते, आणि तिचे कारण साधे आहे. इथल्या तालुक्यात लोक ओळखतात ते पीएसआय आणि त्याच्यावरचा सीपीआय, म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर. मुंबईत सर्कल नाही. तिथे ठाण्याचा प्रमुख वरिष्ठ पोलीस निरीक्षक, त्याच्या हाताखाली निरीक्षक, सहायक निरीक्षक आणि उपनिरीक्षक, वर एसीपी आणि डीसीपी. सहायक निरीक्षक हे पद कर्नाटकात नाहीच. ‘अर्धसत्य’ (१९८३) मधला अनंत वेलणकर उपनिरीक्षक आहे, खांद्यावर दोन तारे. त्याला ‘इन्स्पेक्टर’ लिहिले की बढतीसाठीची त्याची सगळी धडपड निरर्थक होते. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्र्यांची कविता असलेला हा हिंदी चित्रपट मराठी परीक्षकाने तरी तपशील चुकवून लिहू नये. तडीपारीचेही असेच. पडद्यावरचा फौजदार उभ्या उभ्या ‘तुला तडीपार करतो’ म्हणतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात आधी नोटीस, बाजू मांडायची संधी, मग डीसीपी किंवा प्रांताधिकाऱ्याचा आदेश, आणि तोही जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

राजकीय थरारपटाचे परीक्षण उशिरा वयात आले, कारण चित्रपटच पोचत नव्हते. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’चे प्रिंट आणि निगेटिव्ह नष्ट झाले, त्यावर खटला चालला, १९७९ मध्ये शिक्षा झाली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले. अमृत नाहटांनी १९७८ मध्ये तो पुन्हा बनवला. लोकांनी पाहिला तो दुसरा, जळाला तो पहिला. परीक्षणात हे वेगळे लिहायला हवे.

या प्रकारात मात्र बेळगावच्या वाचकाचा हात मुंबईच्या वाचकापेक्षा वर आहे. राज्यपालाने रातोरात सरकार पाडण्याचा प्रसंग घ्या. २१ एप्रिल १९८९ रोजी कर्नाटकातले बोम्मई सरकार सभागृहात बहुमत सिद्ध करू न देता बरखास्त झाले. ११ मार्च १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले की बहुमत राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरते. त्यामुळे १९९४ नंतरच्या कथेत कळस विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी यायला हवा. आमदार फोडण्याचे गणितही साल सांगते: १९८५ च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश आमदारांची फूट वैध होती, २००३ मध्ये ती सवलत गेली आणि दोन तृतीयांशांचे विलीनीकरण तेवढे उरले. मग राजीनाम्यांचा मार्ग आला. बहुमताला महाराष्ट्रात २८८ पैकी १४५ लागतात, कर्नाटकात २२४ पैकी ११३. पटकथेत ‘वीस आमदार आपले’ असे कोणी म्हणाले की कागदावर मांडून पाहावे; मोठ्या बॅनरचे चित्रपटही इथे गडगडतात. २०१२ पासून बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा ही बेरीज बेळगावच्या चहाच्या टपरीवर रोज होते.

वेबमालिकांबद्दल थोडक्यात. त्यांना प्रमाणन मंडळ लागू नाही, २०२१ च्या नियमांनुसार वयाचा वर्ग निर्माते-प्रसारकच लावतात. दोन भाग पाहून आठ भागांचे परीक्षण लिहिणे हा त्यातला सर्वांत मोठा दोष, कारण थरारकथेचा हिशेब शेवटच्या भागात चुकता होतो.

कथा किती सांगायची याचा जुना दंडक अजून चांगला आहे: मध्यंतराच्या आधीचे सांगावे, तेही पहिल्या वळणापर्यंत. संवादाचा छोटा उतारा द्यायला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ परवानगी देते. वर्षाची नोंद मात्र आता अधिक काळजीने करावी लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे कलम ३०२ जाऊन १०३ आले, फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ आले. पण त्या तारखेआधी घडलेला गुन्हा जुन्या कलमांनीच चालतो. २०२५ च्या कोर्टात २०२२ च्या खुनासाठी ‘दफा तीन सौ दो’ ऐकू आले तर ते बरोबर आहे. खून २०२५ चा असेल तर चूक.