टिअरड्रॉप ट्रेलर घरी बनवायचाय? आधी ॲक्सल कुठं टाकणार ते ठरवा

टिअरड्रॉप ट्रेलरचा फोटो बघितला की पहिली नजर जाते ती मागच्या किचनवर. डिकीसारखं झाकण वर उचललंय, खाली शेगडी, मसाल्याचे डबे, पाण्याचा नळ, बाजूला फोल्डिंग खुर्ची, बघणारा तिथंच पाघळतो. त्यात आपण बेळगावचे, उद्यमबागेत पाईप कापून देणारा, पत्रा वाकवून देणारा, लेथवर हब फिरवून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर, मग घरीच बनवूया की असं वाटणारच. पण घोळ नेमका त्या किचनमध्येच आहे. स्वयंपाकात नाही, वजनात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन चाकांचा बुटका डबा, आत फक्त झोपायला गादी, उभं राहायला जागा नाही, मागं बाहेरून उघडणारं किचन. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोक हे घरच्या घरी बनवायला लागले. उंची चार फूट आणि लांबी आठ फुटाच्या आसपास, कारण प्लायची शीट ८ बाय ४ ची आणि तिच्यातनं एक अख्खी बाजू निघते. आपल्याकडंही शीट त्याच मापात येते, त्यामुळं डिझाईन जसंच्या तसं जमतं. आकाराला थेंबासारखा म्हणतात, पण पडणारा पावसाचा थेंब कधीच असा नसतो, बारीक असला तर गोल असतो आणि मोठा झाला की हवेच्या दाबानं खालून चपटा होतो. ते असो. पुढं गोल आणि मागं उतरता आकार हवेला बरा पडतो, मागं भोवरे कमी उठतात, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे याचा फायदा निपाणी-कोल्हापूर हायवेला. जांबोटीच्या पुढं कच्च्या रस्त्याला वीसच्या स्पीडनं जाताना आकार चौकोनी असला काय नि थेंबाचा असला काय, काही फरक पडत नाही.

आता वजनाकडं येऊया. ट्रेलर म्हणजे एक तरफ आहे, ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, हा तिचा टेकू आणि पुढचं टोक गाडीच्या हुकावर. हुकावर किती वजन येतं ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावं असा अमेरिकेतला आडाखा आहे. उदाहरण घ्या. ट्रेलर ५०० किलोचा, हुकापासून ॲक्सल ३ मीटरवर, आणि सगळ्या वजनाचा मध्य म्हणजे गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ३५ सेंटिमीटर पुढं. तर हुकावर येणार ५०० गुणिले ३५ भागिले ३००, म्हणजे ५८ किलो, जवळजवळ १२ टक्के, झकास. आता मागच्या किचनमध्ये शेगडी, छोटा सिलिंडर, पाण्याचा कॅन, भांडी, रेशन असं मिळून ६० किलो भरा. हे ॲक्सलच्या १२० सेंटिमीटर मागं बसतं. तरफेच्या नियमानं ते हुकावरचं २४ किलो उचलून टाकतं, राहिले ३४ किलो, आणि एकूण वजन मात्र ५६० झालं. म्हणजे १२ टक्क्यांवरनं थेट ६ वर. रिकामा ट्रेलर गल्लीत फिरवून बघितला तेव्हा एकदम सरळ चालला, आणि सामान भरून निघाल्यावर शेपूट हलवायला लागला, याचं कारण हे.

शेपूट हलवतो म्हणजे काय ते ज्यांनी उसाच्या सीझनला चिकोडी-रायबाग रोडला ट्रॅक्टरमागं गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि मागची ट्रॉली डाव्या उजव्या बाजूला झोके खात चाललेली असते. ट्रॅक्टर हळू जातो म्हणून ते निभावतं. ट्रेलर जरा वाकडा झाला की त्याचे टायर त्याला परत सरळ रेषेत ओढतात, तो थोडा पलीकडं जातो, परत ओढला जातो, आणि हळू वेगात हे झोके आपोआप विरतात. वेग वाढला की विरण्याची ताकद कमी कमी होत जाते, आणि एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की झोके विरायच्या ऐवजी प्रत्येक फेरीत वाढतात. गुरुत्वमध्य जितका मागं तितका हा वेग खाली येतो. अशा वेळी स्टिअरिंगनं त्याच्याशी मारामारी करायची नाही, ब्रेकवर उभंही राहायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. बैलगाडी हाकलेल्या माणसाला यातला निम्मा भाग आधीच ठाऊक असतो: गाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरनं वर उचलतं, आणि भार जास्त पुढं आला की बैलांची मान मोडते.

मग बरेच जण काय करतात, मागं किचन जड झालं म्हणून पुढं हुकाजवळ मोठी पेटी बसवतात आणि तिच्यात बॅटरी, जॅक, टूल सगळं कोंबतात. वजनकाट्यावर आकडा बरोबर येतो पण झोके कमी होत नाहीत, कारण दोन्ही टोकांना जड असलेली वस्तू एकदा फिरायला लागली की थांबवायला अवघड. फिरण्याचं जडत्व अंतराच्या वर्गानं वाढतं, ॲक्सलपासून अर्ध्या मीटरवर ठेवलेली ३० किलोची बॅटरी दीड मीटरवर नेली की तेच वजन नऊपट जड वागतं. म्हणून खरा उपाय वेल्डिंगच्या आधीचा आहे, किचनचं भरलेलं वजन कागदावर धरून ॲक्सल सुरुवातीलाच थोडा मागं टाकायचा, आणि पाण्याची टाकी, बॅटरी ॲक्सलच्या जवळ, किंचित पुढं, खाली. एकदा ॲक्सल धरणाऱ्या यू-बोल्टचे ब्रॅकेट चिकटले की मग सगळी जुळवाजुळवच.

दुसरा विषय मजबुतीचा. शेडवर गेलं की मामा म्हणणार, "चॅनेल टाकूया की हो, कायम टिकतंय." त्यांचं चुकत नाही, ते आयुष्यभर दहा टन उसाच्या ट्रॉल्या करत आलेत. पण आपल्याला अर्धा टन ओढायचाय. ७५ मिलिमीटरचं चॅनेल, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखं लोखंड, मीटरला सात किलोच्या आसपास भरतं, ५० बाय ५० चा ३ मिलिमीटर जाडीचा बॉक्स पाईप साडेचारच्या आत. फ्रेमला सगळं धरून पंधरा मीटर लागलं तर चाळीसेक किलोचा फरक, म्हणजे अख्ख्या किचनच्या सामानाचा दोन तृतीयांश भाग नुसत्या लोखंडात गेला. जाडी वाढवायची तर एकाच ठिकाणी वाढवा, हुकाकडं जाणारा पुढचा दांडा फ्रेमच्या बाहेर जिथं निघतो तिथं, कारण खड्ड्यात आपटल्यावर वाकवणारा जोर तिथं सगळ्यात जास्त येतो. दांडा नुसता पुढच्या आडव्या पाईपला चिकटवून सोडायचा नाही, फ्रेमच्या खालनं मागं स्प्रिंगच्या ब्रॅकेटपर्यंत न्यायचा. आणि त्या जागी दांड्याच्या वरच्या-खालच्या अंगाला वेल्डिंगचा आडवा टाका मारू देऊ नका, बाजूनं उभा-लांब मारायचा, कारण लोखंड तुटतं ते बहुतेक टाक्याच्या काठावरनं, केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक खड्ड्याला ती थोडी थोडी पुढं सरकते.

स्प्रिंगचंही तेच. बाजारात तयार मिळणारे पाटे टनाच्या हिशोबाचे, आपल्या अर्ध्या टनाखाली ते दोनच सेंटिमीटर दबतात. जितकं कमी दबणार तितका उसळण्याचा वेग जास्त, २ सेंटिमीटर दबले तर सेकंदाला साडेतीन उसळ्या, ८ सेंटिमीटर दबले तर पावणेदोन. पहिल्या प्रकारात आतली बरणी, स्क्रू, प्लायचे जोड सगळं खिळखिळं होतं. पाटे कमी करून घ्या आणि शॉकअप लावा. चाकं मात्र गाडीच्याच मापाची आणि दोन चाकांमधलं अंतरही गाडीएवढंच, म्हणजे खानापूरकडच्या लाल चिखलात ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतनं येतो, स्वतःची वेगळी चाकोरी फोडत बसत नाही. बैलहोंगलकडची काळी माती वेगळीच, ती चाकाला थर थर चिकटून मडगार्डमध्ये चाक जाम करते, मडगार्ड भरपूर वर ठेवा.

हे सगळं कापायला घ्यायच्या आधी एकदा आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं लागतं, आणि घरी बनवलेल्याला मान्यता मिळणं सोपं नाही. केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी अर्ध्या-पाऊण तासात महाराष्ट्रात शिरते, तेव्हा प्रश्न विचारणारे दोन्हीकडं असतात.

आता पाऊस, आणि पाऊस म्हटल्यावर लोक छताच्या गळतीचा विचार करतात. ती आहेच, बेळगाव शहरात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि गाडीनं दोन तासांच्या आतल्या आंबोलीला वर्षाला ७००० च्या घरात. मरीन प्लाय घ्या, त्याच्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं, आणि कापलेल्या कडा इपॉक्सीनं बंद करा, कारण लाकूड पाणी पितं ते कडेनं. मागच्या झाकणाच्या बिजागरीवर पन्हळ ठेवा. झालं, एवढ्यात बाहेरचं पाणी आटोपतं.

जास्त त्रास देतं ते आतलं पाणी, जे आपणच सोडतो. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातनं आणि अंगातनं मिळून अर्धा लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जातं. आतली जागा साडेतीन घनमीटर. २० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, म्हणजे सगळा डबा मिळून ६० ग्रॅम. जुलैत कणकुंबीला ती हवा आधीच भरलेली. मग हे अर्धा लिटर पाणी जाणार कुठं? थंड पत्र्यावर, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, गादीच्या खाली. सकाळी छत गळतंय म्हणून सिलिकॉनची ट्यूब आणायला पळू नका, ते आपलंच आहे. गादीखाली फटी असलेल्या लाकडी पट्ट्या ठेवा, पत्र्याच्या आतनं २५ मिलिमीटरचा थर्माकोलसारखा पण कडक एक्सपीएस फोम लावा, म्हणजे आतला पृष्ठभाग थंड राहत नाही.

बाहेर पाऊस असताना खिडकी उघडून काय उपयोग, बाहेरची हवा पण ओलीच की, असं कुणीही म्हणेल. पण आत आपल्या अंगाच्या उष्णतेनं हवा तीन-चार अंश गरम असते, आणि २४ अंशाची हवा घनमीटरला २२ ग्रॅमपर्यंत धरते. म्हणजे बाहेरनं आलेली प्रत्येक घनमीटर हवा गरम होऊन साडेचार ग्रॅम पाणी उचलून बाहेर जाऊ शकते. तासाला साठेक ग्रॅम काढायचं तर १४-१५ घनमीटर हवा लागते, आणि कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा हे आरामात करतो, २-३ वॅटमध्ये. एका बाजूला खाली जाळी, दुसऱ्या बाजूला वर पंखा. हा पंखा कार्बन डायऑक्साईडसाठीही हवाच, पूर्ण बंद डब्यात दोघं झोपले तर दीड तासात तो एक टक्क्यापर्यंत चढतो, सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळं. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा कोळशाची सिगडी आत घ्यायची नाही, कधीच नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

चाकाच्या हबबद्दल, म्हणजे ज्याच्या आत बेरिंग असतं त्या मधल्या भागाबद्दल, मात्र कुणी सांगत नाही. चोर्ला घाट उतरून आलात आणि लगेच ओढ्यात ट्रेलर घातला, तर गरम हब थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतनं पाणी आत ओढलं जातं. बाहेरनं काही कळत नाही, पुढच्या ट्रिपला बेरिंग ओरडायला लागतं. ओढ्याच्या अलीकडं थांबून हबला हात लावून बघा, चटका बसला तर चहा पिऊन मग पाण्यात उतरा. घरी आल्यावर हबची टोपी काढायची, ग्रीस दुधाळ झालं असेल तर बेरिंग रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये धुवून वाळवून नवीन भरायचं, आणि सील नवीनच बसवायचं, जुनं परत नको.