लहान मुलाच्या पोटातील गाठ: सोलापुरात मोफत ऑपरेशनसाठी फाइल कशी लावावी

मुलाला आंघोळ घालताना पोटाच्या एका बाजूला टणक काहीतरी हाताला लागते आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या कागदावर 'मास' (म्हणजे गाठ) हा शब्द येतो. त्याच दिवशी घरातल्या एकाने तपासण्यांमागे आणि दुसऱ्याने कागदांमागे लागावे. 'आधी रिपोर्ट येऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांचे ऑपरेशन हमखास रेशन कार्डापाशी अडते.

योजना कोणती, पात्र कोण

मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होते. आता आयुष्मान भारतशी जोडल्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरे कार्डही चालते. 'सिव्हिल'मध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, किंवा योजनेतल्या खासगी रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचे काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला भेटा. खासगी ठिकाणी 'योजना आहे का' एवढेच विचारून भागत नाही. मान्यता विभागवार असते, म्हणून मुलांच्या शस्त्रक्रियेची आणि कॅन्सरची मान्यता आहे का, असे नेमके विचारा. शंका असल्यास १५५३८८ वर फोन करा.

कागद

रेशन कार्ड, मुलाचे आधार, जन्मदाखला, पालकांचे आधार. यादी छोटी, पण अडचण पहिल्याच कागदात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे नाव रेशन कार्डावर चढवलेलेच नसते. शहरात परिमंडळ (रेशन) कार्यालयात, तालुक्याला तहसीलच्या पुरवठा शाखेत जन्मदाखला आणि आधार जोडून नाव वाढवण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर जन्मदाखला व पालकांच्या ओळखपत्रावर काम पुढे सरकते का, ते आरोग्यमित्राला विचारा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे बाळंतपण माहेरी, इंडी किंवा विजयपूरकडे झालेले असते. दाखला कर्नाटकातला, त्यावर नावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे. दाखला बदलून आणण्यात आठवडे जातात. त्यापेक्षा आधार दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घेणे सोपे. आयुष्मान कार्डाच्या ई-केवायसीला ओटीपी लागतो, तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा.

तपासण्या: मंजुरी इथेच ठरते

सोनोग्राफीनंतर पोटाचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन काढलेला) सीटी, आणि गाठ छातीत पसरली आहे का ते पाहायला छातीचा सीटी. गाठ यकृताची वाटली तर रक्तातील एएफपी, म्हणजे अशा गाठीत वाढणारे एक प्रथिन. मात्र तान्ह्या बाळात हा आकडा मुळातच जास्त असतो, म्हणून तो वयाप्रमाणे वाचायचा. ॲड्रिनलच्या (किडनीवरच्या ग्रंथीच्या) बाजूची वाटली तर लघवीतील व्हीएमए, म्हणजे तिथल्या गाठीत वाढणारा एक घटक. किडनीच्या गाठीची, म्हणजे विल्म्सची शंका असेल तर कुणाच्या आग्रहाखातर तुकडा तपासायला घाईने सुई घालून घेऊ नका. आवरण फुटले तर पेशी पोटात सांडतात, आजाराचा टप्पा वाढतो आणि केमो-रेडिएशनही वाढते. याच कारणाने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पोट दाबून बघू देऊ नये.

रिपोर्ट आले की रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते. निवडलेले पॅकेज (योजनेतील उपचाराचा ठरलेला प्रकार) आणि सीटीचा निष्कर्ष जुळला नाही, की फाइल शंका लावून परत येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'पोटात गाठ' एवढेच नको. कोणत्या अवयवाची, किती सेंटिमीटरची, कोणती शस्त्रक्रिया, हे लिहून घ्या. गाठीतून रक्तस्राव किंवा आतडे अडकणे अशी तातडी असेल तर फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. कागद मागून देता येतात.

गुंतागुंत झाली तर पैसे कुणी भरायचे?

इथे पालक सर्वांत जास्त फसतात. रुग्णालयात असताना झालेली गुंतागुंत, म्हणजे रक्तस्राव, टाक्यांत पू, पुन्हा टाके घालावे लागणे, पॅकेजमध्येच धरलेली असते. डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांची औषधेही त्यातच. 'हे वेगळे' म्हणून कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथल्या तिथे आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या.

घरी आल्यावर हिरवी उलटी, फुगलेले पोट, शी बंद ही आतड्याला पीळ किंवा चिकटा पडल्याची खूण असू शकते. पोटातली मोठी गाठ काढलेल्या मुलांत हे होते. वाट न पाहता डिस्चार्ज कार्ड घेऊन परत जा. काढलेल्या गाठीच्या हिस्टोपॅथॉलॉजी (पेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टबरोबर ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्या. पुढे मुंबईत टाटा किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त या कॅन्सर रुग्णालयात गेल्यावर तेच लागते.

योजनेत बसत नसेल तर

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील कक्षात देता येतो. त्याला १.६० लाखांच्या आतला तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. अर्ज उपचार चालू असताना करा, बिल भरून झाल्यावर नव्हे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा १.८० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत आणि १० टक्के ३.६० लाखांपर्यंतच्यांना निम्म्या दरात राखीव असतात. आई विडी वळत असेल तर तिचे विडी कामगार ओळखपत्रही काढा. कामगार कल्याण विभागाकडून कॅन्सरच्या उपचारांना मदत मिळते आणि ती घरच्यांनाही लागू आहे.

मुंबईला जायचे ठरले तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्या. स्लीपर व थर्ड एसीत कॅन्सरच्या रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. सिद्धेश्वर एक्सप्रेसचे आरक्षण लवकर भरते, तेव्हा तपासणीची तारीख मिळाली त्याच दिवशी खिडकी गाठा.